भरेल हाये का रिकामी

मामाजी, तुमची नात आता मालेगावच्या दवाखान्यात नर्स आहे. किन्हीराजावरून जीपनं रोज जाते-येते आणि घरी आली की डबा ठेवून आधी वावरात चक्कर मारते. काल परत आली ती चिडूनच. "आई, डुकरांनी कोपऱ्यातली तूर पार लोळवली. तुह्याच्यानं आता चालणं होत नाही. बंदूक भरणं मले शिकव." मी पीठ मळत होते. म्हटलं, शिकवते. मग हात धुता धुता तिनं विचारलं, "पण बाबाची नेमकी चूक काय झाली होती? बंदूक जुनी होती, एवढंच मी आजवर आयकत आली."

माझे हात पिठात तसेच राहिले. तिला बाप आठवत नाही. ते गेले तेव्हा ती रांगत होती. तुम्ही मात्र तिला आठवता, तुमच्या पाठीवर बसून ती अंगणभर फिरायची.

त्या दिवशी तूर शेंगांनी भरली होती. ते जेवून वावरात गेले. रोह्यांचा कळप तुरीत शिरलेला पाहिला आणि झोपडीतली ठासणीची बंदूक काढून त्यांनी भरली. मारायचं कोणाला नव्हतं, आवाजानं जनावरं जंगलात परत जायची, तेवढंच आपलं काम. मी अंगणात भांडी घासत होते. आवाज आला तो नेहमीसारखा नव्हता. त्याला मागे गुंज नव्हती, कोणीतरी दगडी फरशी आपटावी तसा कोरडा होता. मी धावत गेले तेव्हा तुम्ही त्यांचं डोकं धरून बसला होता आणि तुमचा पांढरा दुपट्टा पांढरा राहिला नव्हता. नळी घोड्याजवळ फाटून उघडी पडली होती. वाशिमला नेताना, दवाखाना यायच्या आधीच, जीपमध्ये सारं संपलं. पोलीस आले, तुम्ही सांगितलं की नळी जुनी होती, फाटली. गावानंही तेच धरलं. मीही तेच धरलं.

पुढे काही वर्षांनी तुम्ही पुन्हा बंदूक घेतली तेव्हा माझा भाऊ येऊन तुमच्याशी भांडला. तुम्ही त्याला एवढंच म्हणालात, "जनावर वावर खाऊन राह्यलं. पोरीनं काय खाव?" तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून परवाना माझ्या नावावर करायचा आणि भरायचं मला शिकवायचं ठरलं. मला त्या बंदुकीकडे बघवतसुद्धा नव्हतं. पण वावर बघवत नव्हतं तेही खरं होतं.

मी काय काय चुका केल्या, मामाजी. आधी तर माझा हातच हलका पडायचा. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, वरून नारळाच्या शेंडीचा बोळा सरकवायचा आणि लांब लोखंडी गजानं ठासायचं, पण मी भीत भीत ठासायची. बोळा सैल राहायचा आणि बंदूक नुसती फुस्स करायची. "चटणी वाटतं तवा भेतं का?" तुम्ही विचारायचे. मग एकदा घोडा पडला, ठिणगी देणारी टोपी फुटली आणि आतलं पेटलंच नाही. काय झालं म्हणून मी नळी स्वतःकडे वळवायला लागले, तर तुम्ही माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. "तोंड बांधाकडं. हलू नको. थे अजून जागी असन." आपण दोघं किती वेळ तसेच उभे होतो. तुमचा श्वास मला ऐकू येत होता. पुष्कळ वेळानं तुम्ही फुटकी टोपी काढली आणि बारीक तारेनं टोपीखालचं भोक साफ करायला शिकवलं. त्यात काजळी धरली होती, म्हणून ठिणगी आत पोचली नव्हती.

आणि तो दारूचा डबा. पावसाळ्यात दारूला ओल धरली, बार उठेना. तीळ, मिरच्या जशा शेकवतो तशी मी शहाणी डबा घेऊन स्वयंपाकघरात आले आणि चुलीशेजारी ठेवला. तुम्ही पाणी प्यायला आत आलात. डबा उचलून अंगणात पार आंब्याखाली नेऊन ठेवला, परत आलात आणि पाण्याची घागर चुलीवर पालथी केली. तव्यावरची भाकर, विस्तव, राख, सगळं एक झालं. लेकरू रडायला लागलं. मग दारात बसून म्हणालात, "पोरी, माह्या घरात आता एवढीच माणसं उरली." तुम्ही आयुष्यात मला इतकं रागावलेले तेवढेच. त्यानंतर ओली झालेली दारू आपण वापरलीच नाही.

खरं ते मला दिवाळीनंतरच्या एका सकाळी कळलं. वावराच्या धुऱ्यावर बसून मी बंदूक भरायला घेतली आणि गज आत टाकून न पाहताच दारू ओतायला लागले. गजावर तुम्ही खूण करून ठेवली होती. नळी रिकामी असली की गज खुणेपर्यंत आत जातो, भरलेली असली की वर राहतो. तुम्ही माझ्या हातून दारूचं शिंग हिसकावून घेतलं. "आधी गज टाक. किती डाव सांगू. भरेल हाये का रिकामी, पाह्यल्याबिगर दारूले हात नाही लावाचा." मी म्हटलं, रिकामीच आहे, मामाजी, कालच तर वाजवली. तुम्ही दुसरीकडे पाहत होता. म्हणालात, "त्यालेबी तसंच वाटलं. सकाळी म्या भरून ठेवली होती. त्याले सांगाचं राह्यलं."

भरलेल्या बंदुकीत त्यांनी वरून दुसरा बार भरला होता. चूक त्यांचीही होती, गज टाकून पाहिला नाही. मी उठून घरी आले आणि भाजी फोडणीला टाकली. त्या दिवशी तुम्ही जेवायला आला नाहीत, दुसऱ्या दिवशी आलात. मी ताट वाढत होते, पाणी देत होते, पोरीला तुमच्याजवळ सोडत होते, पण सारा हिवाळा मी तुमच्याशी कामापुरतंही धड बोलले नाही. बंदुकीला हातही लावला नाही. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की माफ कर. आता वाटतं, तो शब्द तुम्हाला फार लहान वाटला असेल.

मग तूर निघाल्यावर मीच एक दिवस बाहेर ओट्यावर आले आणि म्हटलं, शिकवा पुढचं. तुम्ही वर पाहिलं. कारण विचारलं नाही. त्यानंतर रोज दिवेलागणीला मी वावरातून आले की तुम्ही खाटेवरून विचारायचे, "भरेल हाये का रिकामी?" मी म्हणायची, रिकामी. तुम्ही हं म्हणायचे, मगच ती खुंटीला लागायची. शेवटच्या तापातही तुम्ही हेच विचारत होता, कधी मला, कधी त्यांचं नाव घेऊन त्यांना. त्यांच्या वतीनंही मीच उत्तर दिलं.

काल मी पोरीला सगळं सांगितलं. तुमचं नाव झाकलं नाही. ती नर्स आहे, अशा चुका रोज पाहते. म्हणाली, "आबाले कसं झालं असन गं." आज सकाळी तिनं धुऱ्यावर पहिल्यांदा गज हातात घेतला. तिचा हात माझ्यासारखा भित्रा नाही.

नंतर तिनं विचारलं, एवढं कळल्यावर तू पुन्हा त्यांच्याजवळ शिकायला बसली तरी कशी? मी म्हटलं, वावर राखायचं होतं, काय करणार. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्या दिवशी ओट्यावर यायच्या आधी मी दारातून पाहिलं होतं. तुम्ही ओट्यावर एकटे होता, बंदूक मांडीवर आडवी होती आणि तुम्ही ती पुसत नव्हता, नुसते धरून बसला होता. मला शिकायचं नव्हतं, मामाजी. तुम्हाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं नव्हतं.