चांदीत न मढवलेलं नख

हुपरी, सोमवार, ९ फेब्रुवारी १९७६

आज दाजींना परत पाठवलं. अक्काचा नवरा, गारगोटीहून आलेला, चहावरच वाटेला लावला. नातवाच्या बारशाला वाघनख चांदीत मढवून हवं होतं. असं काम या गावात माझ्याइतकं सुबक कोणी करत नाही, आणि मला ते कोणी शिकवलेलं नाही. पण त्या नखाच्या मुळाशी मांस चिकटलेलं होतं.

"दाजी, वाघाचं एवढं बारकं नसतं. ह्ये बिबट्याचं, आन् ताजं हाय. कायदा झालाय आता."

"कायदा पोराच्या गळ्यात बघाय येतोय व्हय? माज्या पोराला तूच मढवलंतंस की."

मढवलं होतं. पण ते त्यांच्या आजोबांच्या पेटीतलं जुनं. याला मांस होतं, ओलं.

"ऱ्हाऊ दे. उद्या दुसरा कारागीर गाठतो."

गाठतीलच. मग माझ्या एकट्याच्या नकाराने काय होणार? मढवणारा मिळतो तोवर जंगलात फासे लागणारच.

उद्या भट्ट्या पेटायच्या आत गल्लीतल्या प्रत्येक कारागिराला सांगणार, नख कोणीच घ्यायचं नाही. हसतील, हसू देत. अक्का बहुतेक बारशाला बोलावणार नाही. तरी बाळाचे वाळे मीच घडवून पाठवणार.

पण आधी गल्ली.