हत्तीच्या भिंतीवरील राणीचा चेहरा

प्रति,
मा. संचालक,
भित्तिचित्र प्रतिकृती विभाग,
वस्तुसंग्रहालय.

विषय : सहा सुळ्यांच्या हत्तीच्या जातककथेतील राणीचा चेहरा बदलण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपली तोंडी सूचना, 'गळालेले चेहरे अंदाजाने भरा, पण लवकर.'

महोदय,

मी आपल्या विभागात प्रतिकृती चित्रकार असून लेण्यातील बौद्ध भित्तिचित्रांची हुबेहूब प्रत नव्या दालनाच्या भिंतींवर मीच उतरवली आहे. मूळ लेण्यात हत्तीच्या कथेतील तीन माणसांच्या चेहऱ्यांवरचा गिलावा गळून पडला आहे. ते चेहरे अंदाजाने भरायचे होते आणि माझा अंदाज घराबाहेर फारसा जात नाही. त्यामुळे राणीसाठी माझी पत्नी, वारा घालणाऱ्या दासीसाठी मेहुणी व शिकाऱ्यासाठी मेहुणे यांना बसवण्यात आले.

पत्नीस 'तू राणी आहेस' एवढेच सांगण्यात आले होते. राणी पुढे काय करते हे तिने विचारले नाही, व मीही विषय वाढवला नाही. मूर्च्छित राणी म्हणून ती कित्येक दुपारी गिलाव्याच्या पोत्यांना टेकून, मान वाकडी करून बसली. तिच्या मुद्रेवरील विरक्तीचे आपण उद्घाटनाच्या भाषणात कौतुक केलेत. तो भाव गॅसवर दूध ठेवून आल्याचा आहे.

उद्घाटनास पत्नीने माझ्या आईला, बहिणीला, भावाला आणि जिन्यातल्या सगळ्या शेजारणींना हौसेने आणले. तेथे आपल्या गाईडने काठी थेट पत्नीच्या नाकावर टेकवून खणखणीत आवाजात सांगितले, की ही ती मत्सरी राणी. मागच्या जन्मी ही हत्तीण होती. हत्तीने झाड हलवले तेव्हा फुले सवतीच्या अंगावर पडली आणि हिच्या अंगावर वाळक्या काटक्या व लाल मुंग्या. तेवढ्यावरून हिने दावा धरला, राणीचा जन्म घेतला, शिकारी पाठवून आपल्याच पूर्वीच्या नवऱ्याचे सुळे कापून आणवले आणि ते पाहताच मूर्च्छित पडली. सर्वांनी आधी भिंतीकडे पाहिले, मग पत्नीकडे, आणि शेवटी माझ्याकडे, ते फार कळवळून.

तेव्हापासून माझी जी अवस्था आहे ती नम्रपणे मांडतो. पत्नीने बोलणे टाकले आहे. चहाचा कप खिडकीत ठेवते आणि निघून जाते. शेजारचे काका रोज सकाळी मी जिवंत असल्याची खात्री करून घेतात. भाजीवाला तिला न सांगता वजनात दोन टोमॅटो जास्त टाकतो. माझी आई, जिचे सुनेशी कधी पटले नाही, ती आता एकाएकी गोड बोलू लागली आहे.

मेहुण्यांची अडचण वेगळी आहे. ते दातांचे डॉक्टर आहेत. चित्रात ते हातात करवत घेऊन, प्रसन्न मुद्रेने, सुळ्यांकडे बघत उभे आहेत. त्यांचे पेशंट दालनात येऊन गेले आणि दवाखान्यात परत आले नाहीत. मेहुणी दासी झाली म्हणून रुसली होती. तीच काय ती सध्या समाधानी आहे.

मी कार्यालयात तोंडी विनंती केली असता, प्रतिकृती मुळाबरहुकूम असल्याचे जाहीर झाले असल्याने आता बदल होणार नाही, असे हेडक्लार्कनी सांगितले. त्यावर मी राणीला मिशा काढाव्यात, मिशा नाही तर तिच्यासमोर खांब उभारावा, तेही नाही तर गाईडची काठी आखूड करावी, असे पर्याय सुचवले. ते सर्व फेटाळण्यात आले. तरी राणीचा चेहरा पुसून तेथे कोणाचाही, प्रसंगी माझा स्वतःचा, चेहरा काढू द्यावा.

महोदय, अर्ज येथवर लिहून झाला असता पत्नीने तो माझ्या हातून ओढून घेतला व वाचला. त्यानंतर ती बोलली. तिचे म्हणणे जसेच्या तसे देतो. "चेहरा पुसलात तर याद राखा. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्या दुपारी जेवढं बघितलंत ना माझ्याकडे, तेवढं कधी बघितलं नव्हतं. म्हणून तर मान मोडली तरी बसून राहिले. आणि त्या राणीचं तरी काय चुकलं हो? तिला वेळेवर एक फूल दिलं असतं, तर हत्तीचे सुळे राहिले असते जागच्या जागी."

मी या भिंतीसमोर दोन वर्षे उभा होतो. तरी ही फुलाची गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मला फार वाईट वाटले.

तरी वरील विषय रद्द समजून 'राणीच्या हातात एक पांढरे कमळ रंगवण्यास परवानगी मिळणेबाबत' असा वाचावा. फूल अगदी लहान असेल. रंग मी पदरचा आणीन. ते मूळ चित्रात नाही याची मला पूर्ण जाणीव आहे. मुळात ते नव्हते म्हणूनच एवढी कथा घडली.

आपला नम्र व आजपासून घरात पुन्हा बोलता झालेला,
प्रतिकृती चित्रकार
(सही)

दिनांक : सोमवारी सुरू केला, बुधवारी पुरा झाला.

सोबत :
१. मेहुण्यांचा स्वतंत्र अर्ज (करवतीऐवजी टूथब्रश दाखवणेबाबत).
२. कमळाचे रेखाटन. नमुन्यासाठी खरे कमळ आणले होते, परंतु ते पत्नीने पाण्यात ठेवले असून कार्यालयात जमा करण्यास तिची साफ हरकत आहे.