बाबांना पाणी नको होतं

प्रिय दादा,

बाबांची तब्येत आहे तशीच आहे. उजवा हात लुळा, डावा चालतो. सगळं समजतं, पण शब्द तोंडातून येत नाही आणि पूर्ण लिहिताही येत नाही. मोबाइल पुढे केला की तोंड फिरवतात. म्हणून मी माळ्यावरून त्यांच्या क्लासमधला जुना कॉम्प्युटर काढला, ज्याच्यावर त्यांनी अर्ध्या रत्नागिरीला प्रोग्रामिंग शिकवलं. टीव्हीला जोडला. कीबोर्ड पुढे येताच त्यांचा डावा हात आपसूक त्यावर गेला. आई भाजी निवडायची थांबली.

मग मी त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहायला घेतला. पहिली दोन-तीन रोमन अक्षरं दाबायची, की पूर्ण शब्द टीव्हीवर मोठा दिसतो. त्या मशीनची बेसिक ही भाषा फार हळू चालते, शब्द सापडेपर्यंत बाबा कंटाळत. शेवटी एक छोटा कंपायलरच केला. मी लॅपटॉपवर लिहायचं, त्याने ते मशीनच्या भाषेत उतरवून द्यायचं. मेमरी इतकी कमी, की प्रत्येक व्हेरिएबलची, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्याची, जागा आधीच ठरवून द्यावी लागते. प्रोसेसर एका वेळी एकच बाइट हाताळतो, म्हणून प्रकार सांगितला नाही तर माझा कंपायलर व्हेरिएबल एका बाइटचं धरतो. त्यात शून्य ते दोनशे पंचावन्न एवढेच आकडे मावतात. त्यापुढे गेलं की परत शून्य, आणि मशीन तक्रारही करत नाही. मोठा आकडा हवा तर दोन बाइट मागून घ्यायचे.

पंधरवडाभर छान चाललं. बाबांनी चहा मागितला, पंखा बंद करायला सांगितला, एकदा आमटी खारट असल्याचंही कळवलं. मग मी आणखी शब्द घातले. त्यानंतर ते रोज संध्याकाळी पाणी मागू लागले. मी पेला द्यायचे, ते सरकवून द्यायचे. परवा तर भिंतीकडे तोंड करून बसले. आई म्हणाली, "अगो, त्यांना तहान नाही लागलेली. दुसरंच काहीतरी सांगतायत." तेव्हा मी टीव्हीकडे न बघता त्यांच्या बोटांकडे बघितलं. एस, ए, एन.

शब्दाचा क्रमांक मी एका बाइटमध्ये ठेवला होता. शून्य क्रमांकाचा शब्द पाणी. घरच्यांची नावं शेवटी घातली, त्यातही सगळ्यात शेवटी तुझं, कारण तू इथे नसतोस. तुझा क्रमांक आला दोनशे छप्पन्न. तो बाइटमध्ये मावला नाही आणि शून्य होऊन बसला.

सुधारायला फार वेळ लागला नाही, क्रमांकाला दोन बाइट दिले. काल बाबांनी तीच अक्षरं दाबली आणि टीव्हीभर तुझं नाव आलं, 'संदेश'. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघून त्यांनी दाराकडे बोट केलं.

तू क्लास सोडून जहाजावर गेलास तेव्हापासून तुमचं दोघांचं बोलणं म्हणजे फोनवर 'बरं आहे ना' एवढंच. तुला वाटतं त्यांचा राग अजून गेलेला नाही. मला माहीत नाही, आणि एवढं सगळं आता त्यांना सांगताही येत नाही. पण ते रोज तुला बोलवत होते एवढं खरं. तू ईमेलमध्ये लिहिलंयस, कॉन्ट्रॅक्ट वाढवून घेतोयस. सही करू नकोस, दादा. सिंगापूरला उतरलास की सरळ घरी ये.

तुझीच,
मृणाली