पाव सूत

दि. ३ जून

चि. पटाशीस,
अनेक आशीर्वाद.

काल स्वयंपाकघरात फळी बसवायला आलेल्या सुताराने मला माझी एक जुनी चूक दाखवली, म्हणून हे पत्र. फोनवर तू ‘बरं आहे’ म्हणून ठेवून देतोस, तेव्हा कागदच बरा.

त्याच्या टेपच्या टोकाचा पत्र्याचा आकडा खुळखुळत होता. असली ढिली हत्यारं घेऊन कामाला येता का, म्हणून मी त्याला झापलं. तो शांतपणे म्हणाला की बाई, आकडा ढिलाच असतो. फळीला बाहेरून अडकवला की तो स्वतःच्या जाडीइतका पुढे सरकतो, आतून टेकवला की तेवढाच मागे जातो. त्यामुळे दोन्ही मापं खरी येतात. मी पट्टी लावून तीनदा पडताळलं. त्याचंच बरोबर.

आता ऐक. बाबा मापासाठी त्यांच्या घडीच्या लाकडी पट्टीशिवाय कशालाच हात लावत नसत. म्हणून तुला तो टेप मी घेऊन दिला होता. ग्रंथालयाच्या साठ खणांच्या कपाटाचं काम तू हाती घेतलंस, त्याच्या आदल्या दिवशी मला त्याचा आकडा हलताना दिसला. दुकानदाराने फसवलं असं वाटून मी हातोडी घेतली आणि दोन्ही रिव्हेट घट्ट ठोकले. तुला सांगितलं नाही. पुढे तुझा प्रत्येक खण पाव सूत, म्हणजे त्या आकड्याच्या पत्र्याच्या जाडीइतका, आखूड निघाला, कपाट परत आलं, आणि याच्या हातात मापच नाही, असं बाबा सगळ्या कारागिरांसमोर बोलले. तू हत्यारांची पेटी खाली ठेवलीस ती एकोणीस वर्षं उचलली नाहीस, आणि घराकडेही फिरकला नाहीस.

मूळ शून्यच चुकलं तर सगळी मापं चुकतात, हे मी छत्तीस वर्षं फळ्यावर लिहीत होते.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगणं हाच योग्य क्रम. रागावायचं असेल तर सविस्तर रागव, पण उत्तर पाठव.

तुझी ताई


दि. १४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हेडबाईंनी स्वतःच्याच वहीत मारलेली लाल रेघ जन्मात पहिल्यांदा पाहिली. पत्र जपून ठेवतो आहे.

मला ठाऊक होतं. घर सोडल्यावर चार महिन्यांनी टेप उजेडात धरला, तेव्हा रिव्हेटांवर हातोडीचे घाव दिसले. सगळे एका ओळीत, सारख्या अंतरावर. आपल्या घरात इतक्या शिस्तीत दुसरं कोण ठोकतं?

सांगितलं असतं तर बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं असतं, आणि त्या घरात तुम्ही दोघंच उरला होतात. शिवाय वाटायचं, त्यांचं त्यांनाच कळावं. एवढे मुरलेले सुतार, सुतावरून स्वर्ग गाठतील. नाही गाठला.

इथे चपलांच्या दुकानात पायांची मापं घेतो. पाव सुताने कुणाचं अडत नाही. कधी माल लाकडी खोक्यातून येतो. खोकं उघडलं की ताज्या लाकडाचा वास सुटतो. मग ते बाहेर टाकायला मला उगाच संध्याकाळ होते.

टेप सोबत पाठवतो. बाबांना दाखवायचा की नाही, ते तू ठरव. ते कपाट त्यांनी जाळलं असेल ना?

माया कमी करू नकोस.

तुझा पटाशी


दि. २९ जून

चि. पटाशीस,
अनेक आशीर्वाद.

टेप मिळाला. बाबांना सगळं सांगितलं, उभी राहून, गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी. त्यांना आता फारसं दिसत नाही. आकडा अंगठ्याने बराच वेळ चाचपला. मग म्हणाले की माप पोराच्या हातात होतं, आपणच हत्यार न बघता माणसाला बोललो. मला दोन शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

कपाट जाळलं नाही. त्यांच्या खोलीत आहे. डोळे चांगले होते तोवर एकेक खण काढून, कडेला कागदासारखी पातळ लाकडी पट्टी चिकटवून त्यांनी एकोणसाठ खण घट्ट केले. साठावा तसाच ठेवला. रोज सकाळी तो ओढायचे आणि ढकलायचे, तो खडखडायचा. माझं डोकं उठायचं. हा एवढा का सोडला म्हणून मी किती वेळा भांडले. परवा न विचारता त्यांनीच सांगितलं की पोराचा घरात तेवढाच आवाज उरला होता.

तो खण आता त्यांनी काढून दिला आहे. कपाटात त्याची जागा रिकामी आहे. आज सकाळी घरात काहीच वाजलं नाही, आणि आम्ही दोघं चहा घेताना त्याच खडखडाटाची वाट बघत बसलो.

समोरचे दंतवैद्य कामासाठी तुझ्या गावी निघालेत. त्यांच्याकडे खालील वस्तू दिल्या आहेत. पोच टपालाने चालणार नाही. लोभ आहेच, आता तो समोर बसून असावा.

तुझी ताई

दंतवैद्यांच्या हाती सुपूर्द:
टेप एक. आकडा बाबांनी स्वतः ढिला केलेला.
खण एक, साठावा.
लाकडी पट्टी एक, पाव सूत जाडीची. बाबांनी चाचपत तासलेली. चिकटवलेली नाही.