वर्तुळाची दोन टोकं

२ फेब्रुवारी, सोमवार

कॉम्प्युटर मेला परत! काळा पडदा, पांढरी अक्षरं, शेवटी एकच ओळ — डिस्क सापडत नाही. अरे बाबा, तुझ्या पोटातच आहे ती!

सगळी दुपार पाण्यात.

३ फेब्रुवारी

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच कळायचं नाही मी काय करत होते.

नवऱ्याला अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्याचं लाकूड कोरायचं मशीन पुढच्या खोलीत पडून आहे. ते चालवणारा कॉम्प्युटर मधल्या काळात कायमचा बंद पडला. आमच्या शाळेच्या ऑफिसात एक मोडीत निघाला होता, तो मी मागून आणला. पण साध्या सिस्टिमवर मशीन धड चालत नाही. कॉम्प्युटर मध्येच दुसऱ्या कामात गुंततो, मशीनला हुकूम उशिरा पोचतो, आणि नावाची पाटी वाकडी कोरली जाते. त्यासाठी कर्नल — म्हणजे सिस्टिमचा गाभा — वेगळा लागतो, कधीच वेळ न चुकवणारा. या जुन्या डब्याला तो आयता मिळेना. आपणच बांधायचा. मी! ऑफिसची पत्रं टाइप करण्यापलीकडे जिची मजल गेली नाही ती!

पंधराला भावोजी टेम्पो घेऊन येणार, मशीन त्यांच्या मित्राच्या कारखान्यात न्यायला. पडून गंजण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडेल, असं त्यांचं म्हणणं. वाईट काही बोलले नाहीत. ह्याने नुसती मान हलवली. ती मान मला बघवली नाही. मी म्हणून गेले, तोवर चालू झालं तर इथेच राहील. भावोजी हसले — "वहिनी, तुम्ही मिक्सरचं झाकण लावायला विसरता!"

विसरते. खरं आहे.

४ फेब्रुवारी

घुबडाचं उत्तर आलं. इंटरनेटवर अशा कामांची चर्चा चालते, तिथे हा माणूस घुबड नावानेच लिहितो. बाई आहे की बुवा तेही ठाऊक नाही.

चूक माझीच. कर्नल बांधण्याआधी शेकडो प्रश्न येतात — हे हवं का, ते हवं का. ज्याचं नाव कळलं नाही ते मी काढून टाकलं. घर आवरायला काढल्यासारखं. हे काय? माहीत नाही? टाका बाहेर! त्यात डिस्क ओळखणारा भागच गेला.

घुबडाने लिहिलंय, "ताई, कळत नाही म्हणून काढायचं नसतं. कळत नाही म्हणून ठेवायचं असतं." आणि जुना कर्नल पुसू नका, परतीची वाट राहू द्या.

७ फेब्रुवारी

शाळा, ह्याचा व्यायाम, स्वयंपाक, मग ते बांधकाम. एकदा सुरू केलं की दुपारभर चालतं, ओळीमागून ओळी सरकत राहतात. त्या बघता बघता मला खुर्चीतच डुलकी लागते. पंखा घरघरतो. पलीकडे हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. मशीनकडे पाठ. त्याला ते बघवत नसणार.

पाय फार दुखतात.

९ फेब्रुवारी

सुरू झाला! डिस्क सापडली! आणि कीबोर्ड मेला. नाव विचारतोय आणि मला लिहिता येत नाही. कळलं लगेच — पुन्हा साफसफाई. जित्याची खोड.

जुन्या कर्नलवर परत. पुन्हा पहिल्यापासून.

११ फेब्रुवारी

चालला. कीबोर्डसकट. कर्नलच्या नावापुढे आपली एक खूण जोडता येते, मी ह्याचं घरचं नाव जोडलं. पडद्यावर ते दिसलं तेव्हा थोडी रडले. दमल्यामुळेही असेल.

मग परीक्षा. कॉम्प्युटरला मुद्दाम छळायचं — दहा खिडक्या उघडायच्या, इकडून तिकडे ओढायच्या — आणि हुकूम किती उशिरा जातो ते मोजायचं. घुबड म्हणतं, सरासरी बघू नका, सगळ्यात वाईट क्षण किती वाईट होता तेवढंच बघा. बाप रे. हा हिशोब माणसांना लावला तर? सरासरीने मी बरी बायको आहे.

पण तो टिकला. सगळ्यात वाईट क्षणीही टिकला.

१३ फेब्रुवारी

पात्याच्या जागी पेन्सिल बांधली. खाली पुठ्ठा. वर्तुळ काढायला सांगितलं. जुन्या कर्नलवर सुरुवात आणि शेवट जुळतच नव्हते, मध्ये फट राहायची. आज पेन्सिल फिरत फिरत आली आणि जिथून निघाली तिथेच येऊन थांबली. बोट फिरवलं. सांधा लागत नाही!

पुठ्ठा धावत ह्याच्याकडे नेला. त्याने खूप वेळ बघितला. डाव्या हाताने माझ्या केसांत अडकलेला मशीनवरचा जुना भुसा काढला. मग एकेक शब्द शोधत बोलला.

"छान झालंय. पण मला... नको आता ते."

मी म्हटलं, हळूहळू जमेल रे, घाई कुठे आहे.

"जमायचं नाही... असं नाही म्हणत. नको म्हणतोय. आयुष्यभर भुसा खाल्ला. सुटलो... असं वाटलं होतं."

मग ती मान? ती खरंच हो म्हणत होती.

१४ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही. कुणासाठी केलं एवढं? शाळेतून आले, भात टाकला. आणि भात होईतो पुढच्या खोलीत जाऊन अजून एक वर्तुळ काढलं. मग त्याच्या आत एक लहान.

१५ फेब्रुवारी, रविवार

टेम्पो रिकामा गेला. भावोजींनी ह्याच्याकडे बघितलं, ह्याने माझ्याकडे बोट केलं — "मालकिणीला विचार."

कर्नल पुन्हा बांधायला लावलाय. बिघडलं काही नाही. नुसती नावापुढची खूण बदलायची आहे.