सरळ रेघ

मंगळवार, संध्याकाळ

अक्षर वाकडंतिकडं येतंय. येऊ दे.

लासलगावला कांद्याच्या लिलावातच ह्यांच्या छातीत धडधडायला लागलं, ते थांबेचना. नाशिकला दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, "या इंजेक्शननं हृदय क्षणभर थांबेल, मग ठोके नीट पडतील. घाबरू नका."

थांबेल म्हणजे खरंच थांबेल, हे मला कुठं कळलं होतं? पडद्यावरची रेघ सरळ झाली. अगदी सरळ. मी किंचाळले, "रघुनाथ!"

उखाण्याशिवाय कधी ह्यांचं नाव घेतलं नाही मी.

रेघ पुन्हा उड्या मारायला लागली. हे डोळे उघडून पुटपुटले, "अगं, उखाणा राहिला की!"

नर्स हसली. मला हसताच येईना. ती सरळ रेघ... एक हात ह्यांच्या छातीवर ठेवूनच लिहितेय.