मौनीसमोर सगळे बोलतात

४ नोव्हेंबर
झालं एकदाचं! आजपासून मी वृत्तवाहिनीच्या प्रशिक्षण केंद्रात शिकाऊ वार्ताहर. गळ्यात ओळखपत्र. त्यावरचा फोटो पाहून ताई म्हणाली, हा पोलिसांनी काढला की काय? तिनं तिच्या घरातली मागची खोली मला दिलीय. आई गेल्यापासून तीच माझी आई, आणि दम देण्यातही तिची कसर नाही.

केंद्र दोन मजल्यांचं. खाली स्टुडिओ, वर एडिटिंगच्या खोल्या. तिथला एसी असा की बोटं आखडतात. शिकवणारे सर जुने कॅमेरामन. कॅमेरा वाहून वाहून त्यांचा उजवा खांदा कायमचा खाली झुकलाय. म्हणाले, चित्र हललं तर लोक सोसतात, आवाज गेला की बातमी गेली. आम्ही सहा जण. पाच जणांच्या तोंडाला कुलूप नाही आणि सहावीच्या तोंडाचं कुलूप निघत नाही. डबे उघडेपर्यंत तिचं नाव पडलं होतं: मौनी.

७ नोव्हेंबर
मौनीची आणि माझी जोडी लावली. बाजारात एका शिंप्याचं दुकान जळालं होतं. मी प्रश्नांची यादी पाठ करून गेले. शिंपी म्हणाला, हो. नाही. बघू आता. मग मौनीनं त्याच्या कॉलरला माइक लावला, उपड्या बादलीवर बसली आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. प्रश्न एकही नाही. आणि तो गडी सुरू झाला! वडिलांचं मशीन, पहिला शिवलेला कोट, काळी पडलेली कात्री... रडून रडून बोलला.

संध्याकाळच्या बातम्यांत ते लागलं. माझा आवाज कापला. कॅमेरा मी धरला होता, हे कुणाच्या गावीही नाही.

१५ नोव्हेंबर
ज्या बाईचा मुलगा कालव्यात बुडाला, तिच्याकडे आधी मी गेले होते. तिनं पाणी दिलं, हात जोडले, दार लावलं. आज मौनी गेली, आणि ती बाई अर्धा तास बोलली. मुलाच्या चपलांचा आवाज कसा यायचा, तेसुद्धा. एडिटिंगच्या खोलीत सगळे उभ्यानं बघत होते. सर मला म्हणाले, बघ, शीक तिच्याकडून.

शिकू काय? तिला धड फ्रेम लावता येत नाही. नाकात बोलते, तेही बोललीच तर. घरी भात नुसता चिवडत बसले. ताईनं विचारलं, जळतेस होय गं तिच्यावर? मी म्हटलं, छे! ताटावरून उठले मात्र.

२२ नोव्हेंबर
सरांनी पाठपुरावा करायला सांगितलाय. जुन्या बातमीतली माणसं आता कशी आहेत, ते दाखवायचं. मी मुद्दाम मौनीचीच माणसं घेतली. तिनं त्यांना पढवलं असणार, हे मला उघडं पाडायचं होतं.

शिंपी त्याच काळ्या भिंतींत बसून गुणगुणत काजं करत होता. आगीचं विचारलं. म्हणाला, कसली आग? मी मोबाइलवर त्याचीच मुलाखत लावली. त्यानं ती कौतुकानं पाहिली आणि म्हणाला, माणूस माझ्यासारखा दिसतो खरा. बिचाऱ्याचं फार वाईट झालं.

२३ नोव्हेंबर
कालव्याजवळच्या बाईनं हसत दार उघडलं. भिंतीवर मुलाचा फोटो तसाच. तिला विचारलं. म्हणाली, आधीच्या भाडेकरूंचा राहिला असेल. काढायचाच आहे. तुम्हाला हवाय का?

घर तिचं स्वतःचं आहे. भाडेकरू तिथं कधी नव्हतेच.

दोन-दोन पायऱ्या करत जिना उतरले.

२५ नोव्हेंबर
सरांना सांगायचं ठरवून केबिनपाशी गेले. आत पेढे नाहीत एवढंच, बाकी सोहळा चालू होता. प्रशिक्षण संपायच्या आधीच मौनीला वाहिनीत घेतलंय. सर तिच्या पाठीवर थोपटत होते. मी दारातूनच मागे फिरले. खरं लिहू? त्या बाईची भीती मनात होती, पण त्या भीतीच्याही वर एकच गोष्ट तरंगत होती: हे हिलाच का येतं? मला का नाही?

मौनीला जिन्यात गाठलं. म्हटलं, मलाही शिकव. ती चक्क बोलली. म्हणाली, "शिकवता नाही येत गं. आधी समोर बसावं लागतं. मीही बसले होते एकीच्या समोर."

विचारलं, त्या वेळी तुझं काय गेलं? म्हणाली, "ते मला कसं ठाऊक असणार?"

उद्या बसणार. शाळेतली एखादी फुटकळ गंमत सांगीन, गेली तर गेली.

२६ नोव्हेंबर
बसले. काय बोलले ते आठवत नाही. मुलाखत मोठ्या पडद्यावर लावली. मी हमसून रडतेय, कुणीतरी माझी वेणी घालायचं, तापात रात्रभर पाय चेपायचं, असं काहीसं. कोण, ते कळलं नाही. सगळ्यांनी डोळे पुसले.

टाळ्या मौनीला. चेहरा माझा, रडणं माझं, आणि टाळ्या तिला!

२७ नोव्हेंबर
घरात एक बाई आहे. किल्ली आहे तिच्याकडे. मला 'छकुली' म्हणते. जेवायला बस म्हणते — मी आतून कडी लावलीय. ही वही चाळली. सगळीकडे ताई, ताई. अक्षर माझंच. पण ताई म्हणजे —

मौनीकडे सकाळी जाऊन —

नाही. ती हसेल.

२८ नोव्हेंबर
बाई दाराबाहेर रडतेय. चांगलं रडते. केंद्राचा कॅमेरा माझ्याकडेच आहे.

दार उघडलं. माइक लावला. समोर बसले, नुसती बघत राहिले —

बोलतेय! मी काही विचारलंच नाही. धाकट्या बहिणीचं सांगतेय. आईच्या माघारी हिनं तिला वाढवलं, तिच्यासाठी लग्न लांबवलं. आवाज स्वच्छ येतोय. ऐकता ऐकता लिहितेय. असं मौनीला जन्मात मिळालं नाही. जळू दे आता तिला, कळू दे कसं —

थांबली.

चेहरा केवढा निवळला. डोळे पुसले. हसली. आता खोलीभर बघतेय, माझ्याकडे बघतेय. विचारतेय, तुम्ही कोण, माझ्या घरात काय —